स्वतःच्या वाफेवर

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरात सगळे जण एका आवाजाची वाट पाहत असायचे. सिंगापुरात तेलोक ब्लांगाच्या चढावर आमचा फ्लॅट होता आणि खाली बंदराच्या धक्क्यावरून बाबांचं जहाज सुटताना भोंगा द्यायचं. बाकीच्या जहाजांचे भोंगे हवेचे, कर्कश. हा वाफेचा. आधी घसा खाकरल्यासारखा घोगरा आवाज यायचा, मग तो खाली खाली उतरायचा आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीची काच थरथरायची. आई म्हणायची, "निघाले." हे जहाजाबद्दल नसायचं, बाबांबद्दल असायचं. रविवारी दुपारी ते परत येत, अंगाला तेलाचा आणि गरम लोखंडाचा वास घेऊन, आणि आंघोळीआधी आईने त्यांना मीठ-साखर घातलेलं कोकमाचं सरबत भांडंभर द्यायचं, अशी पद्धत होती. ते उभ्यानेच पीत. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ निखिल विचारायचा, "बाबा, धिस टाइम वेअर यू गो?" आणि बाबा दर वेळी तेच उत्तर देत, "कुठेच नाही."

ते खरंच होतं. त्या सफरीचं नावच तसं होतं, 'क्रूझ टू नोव्हेअर'. 'जेड लँटर्न' शुक्रवारी लोकांना घेऊन खुल्या समुद्रात जायचं, किनाऱ्याचा कायदा जिथे संपतो तिथे जाऊन घिरट्या घालायचं, आत रात्रंदिवस जुगार चालायचा आणि रविवारी तीच माणसं, बहुतेक हरलेली, त्याच धक्क्यावर उतरायची. पण जहाज त्यासाठी बांधलेलं नव्हतं. ते बांधून घेतलं होतं इंग्लंडातल्या एका रेल्वेने. लंडनहून आगगाडी किनाऱ्यावर यायची, उतारूंनी त्याच तिकिटावर जहाजात बसायचं, आणि समुद्रापलीकडे फ्रान्सची गाडी उभी असायची. म्हणजे समुद्र हा त्या रेल्वेचा नुसता एक टप्पा, आणि हे जहाज म्हणजे रूळ नसलेला गाडीचा तुकडा. पुढे पुलासारख्या अवाढव्य फेरीबोटी आल्या, विमानं स्वस्त झाली, रेल्वेने जहाज विकलं; एका ग्रीक मालकाने ते काही वर्षं बेटाबेटांतून चालवलं, आणि मग ते आमच्याकडे आलं. 'आमच्याकडे' असं मी लिहिते आहे, कारण घरात सगळे तसंच बोलत. धुराड्यावर तीनदा रंग बदलला होता, पण पुढच्या बाजूला जुन्या नावाची लोखंडी अक्षरं रंगाखाली उठून दिसत. नाव बदलता येतं, अक्षरं घासून काढायला खर्च येतो.

बाबा त्यावर चीफ इंजिनिअर होते. त्यांचं सर्टिफिकेट वाफेचं होतं, मोटरचं नव्हतं, आणि त्या काळात हे म्हणजे टांगा उत्तम हाकता येण्यासारखं होतं. डिझेलच्या जहाजांना ते "ट्रॅक्टर" म्हणत. मला त्यांनी एकदा खाली इंजिनरूममध्ये नेलं होतं. लोखंडी जिना उतरत गेलं की उष्मा पायापासून वर चढायचा, जसं काही आपण चुलीवरच्या पातेल्यात उतरतोय. मला वाटलं होतं खाली धडधडाट असेल. नव्हता. टर्बाइनचा आवाज एकसुरी, उंच, दूर कुठेतरी कोणी तंबोरा लावत बसल्यासारखा. बाबांनी भिंतीला टेकवलेला एक लांब दांड्याचा झाडू दाखवला आणि विचारलं, हा इथे कशाला? मी म्हटलं, झाडायला. ते हसले. जास्त दाबाची वाफ दिसत नाही, म्हणाले. आपण जी पांढरी पाहतो ती थंड झालेली, मेलेली वाफ. खरी वाफ फटीतून निघते तेव्हा फक्त शीळ ऐकू येते आणि मधून चालत गेलेल्या माणसाचा हात कापला जातो. म्हणून शीळ ऐकू आली की झाडू पुढे धरून चालायचं. दांडा जिथे चिरेल तिथे गळती.

हे सगळं ते इतक्या प्रेमाने सांगत की त्यातलं काय खरं आणि काय रंगवलेलं हे कळायला मला मोठं व्हावं लागलं. मी आता लोकांचे हिशेब तपासते, त्याचेच पैसे मिळवते, म्हणून जे पटत नाही ते इथेच नोंदवते. ते म्हणत, रेल्वेकडे असताना या जहाजाने एकदाही पलीकडची गाडी चुकवली नाही. हे शक्य नाही. त्या पाण्यात धुकं असतं, संप होतात, वादळं येतात. पण आमच्या घरात हे वाक्य शुभंकरोतीसारखं म्हटलं जायचं. सकाळच्या शाळेच्या बसला उशीर झाला की बाबा म्हणत, "रेल्वेचं जहाज असतं तर सोडून गेलं असतं तुम्हाला." आम्ही पोहे खायचो ते जहाजावरून टाकून दिलेल्या जाड पांढऱ्या बशांतून, निळ्या रेघेच्या, मागे रेल्वेचं चिन्ह. आईला त्या आवडत नसत. एवढ्या जड बशीत पोहे गार होतात, असं तिचं म्हणणं. तिचं बरोबर होतं.

त्या वर्षी मी सेकंडरी फोरला, म्हणजे आपल्या दहावीला होते. वर्षअखेरीला ओ-लेव्हलची परीक्षा, आणि त्या परीक्षेवर पुढचं सगळं. तिथल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, आणि इथल्यांना कितीही सांगितलं तरी पूर्ण समजत नाही. त्या देशात आमचं राहणं बाबांच्या पासवर होतं. बाबांचा एम्प्लॉयमेंट पास, आणि त्याला शेपटीसारखे जोडलेले आमचे तिघांचे. त्यांची नोकरी आहे तोवर आई बाजारात बटांग मासा घासाघीस करून घेऊ शकते, निखिल खालच्या मैदानात फुटबॉल खेळू शकतो आणि मी परीक्षेला बसू शकते. हे मला माहीत होतं. आईला तर झोपेतही माहीत असायचं.

ऐन जून-जुलैत बातमी आली की कंपनी जहाज मोडीत काढते आहे. बॉयलरच्या नळ्या इतक्या गळायला लागल्या होत्या की एकेक करून दोन्ही टोकांना बुचं मारून बंद करावी लागत होती, आणि नव्या नळ्या घालण्याइतकं जुगारात मिळत नव्हतं. गुजरातेत अलंगला जहाजं तोडणाऱ्या एका भंगारवाल्याने जहाज घेतलं होतं. घरात सुतक आल्यासारखी शांतता झाली, पण ती फार टिकली नाही, कारण त्याच आठवड्यात बाबांना दुसरीकडून बोलावणं आलं. गॅस वाहून नेणारी मोठी जहाजं तेव्हाही वाफेवर चालत, आणि वाफेची माणसं मिळत नव्हती. रॅफल्स प्लेसला ऑफिस असलेली कंपनी. पास तीच काढणार, कुटुंब सिंगापुरातच राहणार. अट एकच होती. ऑगस्टच्या सुरुवातीला जपानात जाऊन जहाज धरायचं. आईने त्या दिवशी शिरा केला. मी गणिताची गाइडं काढून बसले.

रविवारी सबनीसकाका जेवायला आले. सबनीसकाका म्हणजे बाबांच्या कंपनीचे सुपरिंटेंडेंट, ऑफिसातून जहाजाची देखभाल बघणारे. पुण्याचे, बाबांच्या आधी दहा वर्षं तिथे आलेले, पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळवून बसलेले. आम्ही सिंगापूरला उतरलो तेव्हा विमानतळावर तेच आले होते, आणि गणपतीला दर वर्षी सबनीसकाकू आमच्याकडे मोदक वळायला यायच्या. त्या दिवशी काका एकटेच आले. सुरमईसारखा तो बटांग आईने कोकम घालून केला होता. काकांनी दोनदा भात घेतला, बोटं चाटली, आणि मग म्हणाले, "वसंता, म्हातारीला अलंगला तूच ने."

आई वाढता वाढता थांबली.

"त्यांना पाच तारखेला जपानला जायचंय, भाऊजी."

"मला माहीत आहे ना, वहिनी. पण हे सांग वसंता, तुझ्याशिवाय ते बॉयलर पेटवणार कोण? कोणी पोरगं आणलं तर मलाक्काच्या सामुद्रधुनीत उभी राहील ती. चाळीस वर्षं चालली, आणि शेवटी अशी बेवारशासारखी..."

"सेकंड इंजिनिअर आहे की," आई म्हणाली. "तो फ्रान्सिस."

"फ्रान्सिस चांगला आहे. पण ती त्याला ओळखत नाही."

"भाऊजी," आई म्हणाली, आणि तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं, "म्हातारीला मसणात न्यायला तुम्हाला आमचाच खांदा सापडला का?"

काका मोठ्याने हसले. "वहिनींची जीभ म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह उडाल्यासारखी." मग एकदम गंभीर होऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शुभाची परीक्षा आहे, हे मी विसरलेलो नाही. पासचं मी बघतो. परीक्षा होईपर्यंत तुमच्या पासला कोणी हात लावणार नाही. माझा शब्द. आणि गॅसवाल्यांचं काय घेऊन बसलात, त्यांना माणसं लागतातच. परत आल्यावर बघू."

बाबांनी ताटातले माशाचे काटे एका कडेला सारले. मग म्हणाले, "जहाज टाकून जायचं नसतं. सोपवून जायचं असतं."

हे वाक्य मी पुढे आयुष्यभर अनेक रूपांत ऐकलं आहे, पण त्या दिवशी ते ऐकताना आईच्या तोंडावर जे आलं तो राग नव्हता. एखाद्याने आपल्यादेखत दार लावून घ्यावं तसं काहीतरी होतं. काका गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "ज्याला सोपवणार तो ते कापणार आहे." बाबा म्हणाले, "तो त्याचा धंदा. माझा माझा." मग ते खाली चक्कर मारायला गेले. निखिल तिथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाला, "बाबा व्हेरी स्टबर्न, लाह." आईने त्याला गप्प केलं नाही.

पुढचे आठवडे बाबांनी जे केलं ते सांगितलं तर बाहेरच्या माणसाला वेड वाटेल, आणि त्यांच्या धंद्यातल्या कुणाला फारसं नवल वाटणार नाही. जे जहाज अलंगच्या किनाऱ्यावरच्या चिखलात नेऊन आपटायचं होतं, त्याचे पंप त्यांनी उघडून साफ करून घेतले. पॅकिंग बदललं. पितळेचे नळ, हातचाकं, दाब दाखवणाऱ्या तबकड्यांच्या कडा, सगळं घासून चकचकीत करून घेतलं. निखिलला आणि मला ते शेवटचं दाखवायला घेऊन गेले, तेव्हा फ्रान्सिस, तो गोव्याचा सेकंड इंजिनिअर, गळ्यात घामाचा टॉवेल टाकून उभा होता. बाबांना ऐकू जाईल अशाच आवाजात तो मला म्हणाला, "देख बेबी, तेरा डॅडी दुल्हन सजा रहा है. कसाई के पास भेजने के लिए."

बाबा म्हणाले, "फ्रान्सिस, तुझ्याकडून लग्नाचा खर्च मागितला का मी?"

"चीफ, मैं बोलता हूँ आप जपान जाओ. मैं ले जाता हूँ इसको. किधर भी ठोकना ही है ना?"

बाबांनी हातातल्या कापडाने एक तबकडी पुसली. मग जे बोलले ते मी स्वतः ऐकलं, म्हणून लिहिते. "तू जा जपानला. त्यांना सांग, मी पाठवलं. माझं नाव घे." फ्रान्सिस हसला, त्याला चेष्टा वाटली. बाबांनी मान वर केली नाही. चेष्टा नव्हती. आठवड्याभरात फ्रान्सिस रॅफल्स प्लेसला जाऊन आला आणि पाच तारखेचं विमान त्याने धरलं. आईला हे मी सांगितलं नाही. फ्रान्सिसनेच जाण्याआधी घरी येऊन पेढ्यांचा डबा दिला आणि सांगितलं. त्याला वाटलं होतं, तिला माहीत असेल. आईने डबा घेतला, त्याला चहा केला, आणि तो गेल्यावर डबा तसाच शेजारच्या मलाय बाईंकडे नेऊन दिला.

जहाज सुटलं ते सकाळी. शनिवार असावा, कारण आम्ही घरी होतो. उतारू नव्हते, जुगाराची टेबलं आधीच काढून विकली होती, वरचे दिवे बंद. भोंगा झाला. मजल्यावरच्या सामायिक गॅलरीत शेजारी उभे होते, कारण सगळ्या ब्लॉकला तो भोंगा ओळखीचा होता. निखिल धावत बाहेर गेला. आई स्वयंपाकघरात फरसबी निवडत होती. ती उठली नाही. मीही तिच्यासमोर बसून राहिले आणि शेंगांच्या शिरा काढत गेले. भोंगा नेहमीपेक्षा जास्त लांबला, एवढं मला आठवतं. वाफ वाया घालवण्याबद्दल बाबा इतरांना फार बोलत.

बाबा समुद्रात असतानाच कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. बोलणारी मुलगी सभ्य होती. जहाज विकलं, ऑफिस बंद होतंय, अलंगला बाबा उतरले की त्यांचा पास रद्द होईल आणि आमचेही. घर रिकामं करायला काही मदत लागली तर कळवा. आई म्हणाली, सबनीसांना विचारा, त्यांनी शब्द दिलाय. ती मुलगी म्हणाली, मिस्टर सबनीस महिनाअखेरीला सोडून गेले, दुसऱ्या कंपनीत. आईने काकांना घरी फोन केला. मी शेजारी उभी होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. "वहिनी, मी आता तिथे आहे कुठे? मी असतो तर... आता मी कुणाला सांगणार?" ते खरंच वाईट वाटून बोलत होते. तीच त्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट.

एक मार्ग उरला होता. शाळेतल्या आमच्या वर्गशिक्षिका, मिस टॅन, स्वतः चौकशी करून आल्या होत्या: मला एकटीला स्टुडंट पास मिळू शकला असता, परीक्षेपुरता, पण इथे राहणाऱ्या कोणीतरी माझी जबाबदारी घेऊन सही करायला हवी आणि मला घरात ठेवायला हवं. "सो निअर ऑलरेडी," त्या म्हणाल्या, "कॅनॉट फाइंड वन पर्सन, मेह?" आई मला घेऊन सबनीसांकडे गेली, बुओना व्हिस्टाला, त्यांच्या काँडोतल्या फ्लॅटवर. काकूंनी पन्हं दिलं. काका घरी नव्हते, किंवा नाहीत असं सांगितलं. आईने सगळं सांगितलं, एकदाही आवाज न चढवता. कोपऱ्यातली गादीही चालेल, जेवणाचं सामान मी भरून देते, दोन-अडीच महिने. काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अहो, सामानाचं काय घेऊन बसलात. पण वयात आलेली मुलगी, दुसऱ्याच्या घरी... काही कमी-जास्त झालं तर वसंतराव आम्हालाच बोलतील ना. हे पण सारखे फिरतीवर." आई म्हणाली, "बरोबर आहे." ती उठली. दारात काकूंनी तिच्या कपाळावर कुंकू लावलं. लिफ्टमध्ये आईने ते पदराने पुसलं आणि मग लगेच पर्समधून टिकली काढून लावली. खाली उतरून आम्ही एमआरटीच्या स्टेशनापर्यंत चालत गेलो आणि तिने विचारलं, तुला कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यायची आहे का. मी हो म्हटलं. आम्ही हॉकर सेंटरच्या टपऱ्यांत बसून ती प्यायलो, आणि परत जाताना तिने पुठ्ठ्याचे खोके मागून घेतले.

निखिल आता त्याच शहरात असतो, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत, स्वतःच्या पासवर. मी गेल्या वर्षी त्याच्याकडे गेले होते. तो मला जुना ब्लॉक दाखवायला निघाला होता. मी म्हटलं, नको, ऊन आहे. सबनीसकाका अजून आहेत, गुडघे बदललेत, दर दिवाळीला त्याला फोन करतात. तो बोलतो. तो तेव्हा लहान होता, आणि मी त्याला दोष देत नाही.

बाबांना अलंगहून सिंगापूरचं तिकीट मिळालंच नाही. उतरले तिथेच नोकरी संपली, आणि ते आगगाडीने मुंबईला व तिथून अलिबागला आले. आम्ही आमच्या पेट्या घेऊन पोहोचलो तेव्हा ते मामाच्या घराच्या ओसरीवर बसलेले होते, वजन उतरलेलं. तिथल्या शाळेने सांगितलं, दहावीचे फॉर्म गेले, आणि मुलीला मराठीचा पेपर लिहिता यायचा नाही. पुढच्या जूनपासून नववीत बसू दे. म्हणजे जवळजवळ संपवलेली शाळा मला मागून पुन्हा सुरू करायची होती. गॅसच्या कंपनीला बाबांनी दोनदा लिहिलं. जागा भरल्या होत्या. पुढे ते धरमतरच्या एका बर्फाच्या कारखान्यात बॉयलरवर लागले, आणि तिथेच निवृत्त झाले.

त्या दिवसांतली एक सकाळ. पावसाळा उलटून गेला होता. आई मागे नारळ सोलत होती. मी आणि बाबा ओसरीवर चहा घेत होतो, आणि मी पहाटेपासून जागी होते. अलंगबद्दल ते आपणहून कधी बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले. भरती पूर्ण असताना जहाज किनाऱ्याकडे तोंड करून लावतात आणि पूर्ण वेग मागतात. पुढे चिखल आहे हे माहीत असताना इंजिनाला सगळं द्यायचं. त्यांनी दिलं. "एका नळीनेही दगा दिला नाही," ते म्हणाले. "शेवटचा दाब बघायला पाहिजे होता तू."

मी विचारलं, "तुम्ही गेला नसता तर?"

"म्हणजे?"

"तुम्ही जपानला गेला असता. मग तिचं काय झालं असतं?"

त्यांनी चहा बशीत ओतला, निवू दिला. खोटं ते बोलत नसत. "टग लावून ओढत नेली असती."

"म्हणजे पोहोचलीच असती."

"पोहोचलीच असती. भाव कमी आला असता. स्वतःच्या वाफेवर आलेल्या जहाजाला टनामागे जास्त देतात."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"सबनीस बोलला होता."

मागे कोयता नारळावर बसत होता. बाबांनी बशी संपवली, ओठ पुसले, आणि, काहीतरी माझ्याबद्दलही विचारायला हवं असं वाटल्यासारखं, विचारलं, "तुझा तो गणिताचा पेपर कधी असतो गं?"

मी ओसरीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सिंगापूरची वेळ काढायला त्यात अडीच तास मिळवले.

"आत्ता सुटला असेल," मी म्हटलं.